उगमशोध (कोकणातील नद्या)

नदीच्या पात्राने उलट चढत जाऊन तिचे पहिले पाणी गाठणे आणि त्या जागेची नोंद करणे म्हणजे उगमशोध. कोकणात सह्याद्रीची धार समुद्रापासून साधारण ५०–६० किलोमीटरवर असल्याने नद्या आखूड आहेत. कस लागतो तो शेवटच्या दोन-तीन किलोमीटरांत, कारण घाटाचा जवळजवळ सगळा चढ तेवढ्यातच असतो.

उगम कशाला म्हणायचे, हे घरीच ठरवून निघावे. सर्वांत लांब फाट्याचे (नदीला येऊन मिळणाऱ्या प्रवाहाचे) टोक, सर्वांत जास्त पाण्याच्या फाट्याचे टोक आणि पुजली जाणारी जागा ही तिन्ही सहसा जुळत नाहीत. सावित्रीचा उगम म्हणून क्षेत्र महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात हात जोडतात; तिचे पात्र मात्र पश्चिमेच्या कड्याखालील दरीत हाती लागते. जास्त पाण्याची कसोटी वाशिष्ठीवर साफ फसते. चिपळूणला उन्हाळ्यात दिसणारे बरेचसे पाणी कोयना वीजप्रकल्पातून सोडलेले, म्हणजे घाटापलीकडच्या खोऱ्यातले असते. कुंडलिकेलाही भिऱ्याच्या वीजघरातून मुळशीचे पाणी मिळते. मोजणी अशा ठिकाणांच्या वरूनच सुरू करावी.

भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० नकाशा पुरतो (चिपळूण–महाबळेश्वर भाग ४७ जी क्रमांकाच्या नकाशांमध्ये). प्रत्येक संगमावर दोन्ही फाट्यांची लांबी नकाशावर आणि पाणी जागेवर मोजावे. लहान पऱ्याला (ओहोळाला) उभ्या चिरलेल्या बांबूची पन्हळ लावून कडेला चिखल लिंपतात व खाली १० लिटरची बादली धरतात. ती ४० सेकंदांत भरली तर प्रवाह मिनिटाला १५ लिटर. तीनदा मोजून सरासरी घ्यावी. चिखलातून पाणी निसटत असेल तर आकडा कमी येतो.

झरा कुठेही फुटत नाही. बेसाल्टच्या भेगांतून मुरलेले पाणी दोन थरांमधल्या तांबड्या मातकट पट्टीवर अडते आणि तिथूनच बाहेर येते. मे महिन्यात कड्यावर नेच्यांची हिरवी रेघ किंवा एखादा उंबर दिसला की पट्टी सापडली समजावे. जांभ्याच्या सड्यावर (सपाट कातळ-पठारावर) हेच पाणी जांभ्याखालच्या चिकणमातीवरून पाझरते.

ऋतूप्रमाणे उगम सरकतो. सप्टेंबरात डोंगरधारेजवळून वाहणारे पाणी मेमध्ये कित्येक मीटर खाली गेलेले असते, म्हणून तारखेशिवाय नोंद निरुपयोगी. नोव्हेंबरात जाण्याचा रस्ता पाहून ठेवावा आणि मेमध्ये पुन्हा जावे. पावसाळ्यात घळीत उतरू नये. वरच्या अंगाला कोसळलेली सर खाली ऊन असतानाही लोंढा आणते. आग्या माश्यांच्या पोळ्यांखाली धूर करू नये, अत्तर लावू नये. चांदोली-कोयना भागात व्याघ्र प्रकल्प असल्याने वनखात्याची परवानगी लागते.

वरच्या धनगरवाड्यात “उगम कुठे?” असे विचारले की देवळाकडे बोट दाखवतात. “वैशाखात गुरं पाण्याला कुठे नेता?” असे विचारावे. त्या जागेवर पोहोचल्यावर, कड्याने अर्धे आकाश झाकले असेल तर मोबाइलच्या जीपीएसवर विसंबू नये. उघड्या जागी वाचन घेऊन तिथून होकायंत्राने दिशा आणि दोरीने अंतर लिहावे.