दुखणे अंगावर काढणे

शरीराची किंवा मनाची तक्रार जाणवत असूनही उपचार न घेता, किंवा घरगुती उपायांवर भागवून, रोजचे व्यवहार चालू ठेवणे म्हणजे दुखणे अंगावर काढणे. हा वाक्प्रचार बहुतेक वेळा ठपका ठेवण्यासाठीच येतो. ‘इतके दिवस अंगावर का काढलेस?’ हा प्रश्न दुखणे विकोपाला गेल्यावर विचारला जातो. जे दुखणे अंगावर काढले आणि आपोआप बरे झाले, त्याबद्दल कोणी कोणाला काही विचारत नाही. अशी दुखणी संख्येने कितीतरी जास्त असतात. त्यामुळे ही सवय चांगली की वाईट, असा सरसकट निवाडा करता येत नाही. कोणते दुखणे, कोणाचे आणि किती दिवस, यावर सगळे अवलंबून असते.

व्याप्ती

१९६१ साली केर व्हाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिका व ब्रिटनमधील आकडेवारीवरून एक साधा हिशोब मांडला. एक हजार प्रौढ माणसे घेतली, तर एका महिन्यात त्यांतील सुमारे ७५० जणांना काही ना काही आजार किंवा इजा होते, २५० जण डॉक्टरला दाखवतात, ९ जण रुग्णालयात दाखल होतात आणि विद्यापीठाशी जोडलेल्या मोठ्या रुग्णालयापर्यंत पोचतो तो एकच. २००१ मध्ये अमेरिकेतील माहितीवर हाच हिशोब पुन्हा केला गेला. तेव्हा हजारांमागे ८०० जणांना लक्षणे जाणवतात आणि २१७ जण दवाखान्यात जातात, असे निघाले. मधल्या चाळीस वर्षांत वैद्यकाचा कायापालट झाला होता. हे प्रमाण मात्र फारसे जागचे हलले नव्हते.

म्हणजे बहुतेक दुखण्यांचा पहिला वैद्य स्वतः रोगी किंवा त्याच्या घरचे माणूस असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येतही हेच गृहीत आहे : आरोग्य राखणे, रोग टाळणे आणि आजार किंवा अपंगत्व निभावून नेणे, आरोग्यसेवकाच्या मदतीने किंवा मदतीवाचून, ही व्यक्तीची, कुटुंबाची व समाजाची क्षमता म्हणजे स्व-काळजी. या विषयावरची एकत्रित मार्गदर्शक तत्त्वे संघटनेने २०१९ मध्ये प्रसिद्ध केली. साधने मात्र त्याआधीच घरात आली होती. १८६६-६७ च्या सुमारास क्लिफर्ड ऑलबट या इंग्रज डॉक्टरांनी सहा इंचांचा, पाच मिनिटांत ताप दाखवणारा तापमापक तयार केला. त्याआधीचे तापमापक फूटभर लांब असत आणि वीस मिनिटे धरून बसावे लागे. पुढे त्याच वाटेने रक्तदाब आणि रक्तातील साखर मोजण्याची यंत्रेही घरी आली.

१९६३ मध्ये साथरोगतज्ज्ञ जॉन लास्ट यांनी या सगळ्याला हिमनगाची उपमा दिली. डॉक्टरला दिसते ते टोक, बाकी पाण्याखाली. ही उपमा पुढे फार वापरली गेली, पण तिच्यातील एक बारकावा सहसा सुटतो. पाण्याखालचा भाग एकजिनसी नाही. त्यात सर्दी-पडसे, मुरगळलेला पाय, जागरणाने आलेली डोकेदुखी आहे आणि त्याच पाण्यात वाढलेला रक्तदाब, नुकता सुरू झालेला मधुमेह आणि न दुखणारी गाठही आहे. रक्तदाब १४०/९० च्या वर राहू लागला तरी बहुतेकांना काहीच जाणवत नाही. अशा आजारांना अंगावर काढणे म्हणणेही अवघड, कारण अंगाला त्यांचा पत्ताच नसतो. ते मोजल्यानेच कळतात.

आजच का आलात?

माणूस डॉक्टरकडे कधी जातो, असे विचारले तर ‘दुखणे वाढले की’ हे उत्तर सहज सुचते. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग झोला यांना ते पटले नाही. त्यांनी बॉस्टनमध्ये दवाखान्यात नव्याने येणाऱ्या रुग्णांचा अभ्यास केला. त्यातील अनेकांची लक्षणे बऱ्याच काळापासूनची होती. मग आजच पाऊल का उचलले? १९७३ मध्ये त्यांनी पाच कारणे नोंदवली. घरात किंवा नात्यात काही पेच उभा राहिला आणि त्या धामधुमीत दुखण्याकडे लक्ष गेले. चारचौघांत मिसळण्यात दुखणे आड येऊ लागले. ‘जाऊन दाखव’ म्हणून कोणी पाठीस लागले. काम करवेना. किंवा स्वतःच स्वतःला मुदत घातली होती, ‘सोमवारपर्यंत उतरले नाही तर जाईन’, आणि ती उलटली.

यातील एकही कारण रोगाच्या गांभीर्याशी थेट बांधलेले नाही. वाहते नाक कामात अडथळा आणते, सगळ्यांना दिसते, शेजारच्यालाही खटकते. स्तनातील न दुखणारी गाठ यांपैकी काहीच करत नाही, म्हणून ती मागे पडते. ज्या घरात एकाच व्यक्तीवर इतरांचे सगळे आवरण्याचा भार असतो, तिथे त्या व्यक्तीच्या पाठीस लागणारे कोणी नसते, कारण इतरांच्या पाठीस लागण्याचे काम तिचेच असते.

झोलांच्या यादीतील पाचवे कारण मात्र कामाचे आहे. स्वतःला घातलेली मुदत ही वाईट युक्ती नव्हे. फक्त ती दुखण्यागणिक वेगळी हवी, आणि नेमकी इथेच सामान्य अंदाज फसतो.

मुदत

खोकल्याचे उदाहरण बोलके आहे. साधा खोकला किती दिवस टिकेल, असे अमेरिकेतील एका पाहणीत विचारले असता लोकांची उत्तरे सात ते नऊ दिवसांच्या आसपास आली. आधीच्या अभ्यासांतून निघालेला प्रत्यक्ष कालावधी सुमारे १८ दिवसांचा होता. ही पाहणी २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. आठव्या दिवशी कंटाळून ‘काहीतरी जोरदार द्या’ म्हणणारा माणूस या फरकातून तयार होतो. विषाणूंमुळे होणाऱ्या खोकल्यावर प्रतिजैविकांचा उपयोग नसतो. दहाव्या दिवशी गोळ्या सुरू केल्या आणि अठराव्या दिवशी खोकला थांबला, तर श्रेय मात्र गोळ्यांना जाते.

याउलट दोन आठवडे उलटूनही हटत नसलेला खोकला, त्याच्या जोडीला संध्याकाळचा ताप, रात्री घाम, वजनात घट असेल तर क्षयाची तपासणी व्हायला हवी. बेडक्यात रक्त दिसले तर दोन आठवडेही थांबायचे नाही. तोंडातला व्रण भरून येत नसेल किंवा आवाज बसलेला असेल, तर तीन आठवड्यांपलीकडे थांबायचे नाही. काही न करता सहा महिने ते वर्षभरात वजन पाच टक्क्यांहून जास्त उतरणे, म्हणजे ६० किलोच्या माणसाचे तीन किलोहून जास्त, ही तब्येत ‘बांधेसूद’ झाल्याची खूण नाही. शौचाची नेहमीची वेळ व स्वरूप बदलून ते तसेच राहणे, शौचात रक्त जाणे किंवा शौच डांबरासारखे काळे होणे, पाळी कायमची थांबल्यावर एकदाही रक्तस्राव होणे, या गोष्टींत दुखत किती आहे हा प्रश्न गैरलागू आहे.

या सगळ्यांत एक शब्द सारखा येतो, ‘नेहमीचे’. आपली झोप, भूक, वजन, शौच, पाळी, दम लागण्याची मर्यादा नेहमी कशी असते, हे ज्याला ठाऊक आहे त्याला बदल लवकर कळतो. रोगांची नावे पाठ असण्यापेक्षा याचा उपयोग जास्त. डॉक्टरांकडेही हीच माहिती नसते, ती रोग्यानेच न्यावी लागते.

ज्यांना मुदतच नाही

काही दुखण्यांना ‘उद्या बघू’ लागू पडत नाही. चेहरा एका बाजूला ओढला जाणे, एका हाता-पायातले बळ अचानक जाणे, बोलणे अडखळणे ही पक्षाघाताची लक्षणे आहेत. मेंदूच्या मोठ्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली की उपचाराविना दर मिनिटाला सुमारे १९ लाख मज्जापेशी मरतात, असा अंदाज आहे. गुठळी विरघळवणारे औषध साधारणपणे लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येते, म्हणून रोगी शेवटचा ठणठणीत कधी दिसला होता ती वेळ सांगणे फार महत्त्वाचे. झोपून उठल्यावर बरे वाटेल, या आशेने निजलेल्या रोग्याची ती वेळच हरवते. याहून फसवा प्रकार म्हणजे लक्षणे काही मिनिटांत ओसरणे. माणूस सुटकेचा निःश्वास टाकतो, पण पुढच्या काही दिवसांत मोठा झटका येण्याची ती पूर्वसूचना असू शकते. बरे वाटले तरी त्याच दिवशी दाखवावे लागते असे हे दुर्मीळ दुखणे.

छातीत आवळल्यासारखी कळ, ती हातात किंवा जबड्यात उतरणे आणि दरदरून घाम हे हृदयविकाराच्या झटक्याचे चित्र सर्वांना माहीत असते. पित्त समजून त्यावर वेळ काढला जातो, तोही सर्रास. मधुमेही, वृद्ध आणि स्त्रिया यांच्यात तर कळ नसूही शकते. नुसता दम, मळमळ, अवेळी आलेला गळाठा एवढ्यावरही भागते. अचानक उठलेली, आयुष्यात कधी झाली नव्हती इतकी तीव्र डोकेदुखी, आणि कंबरदुखीबरोबर लघवी अडणे किंवा जांघांच्या मधल्या भागाला बधिरपणा येणे, हीही याच रांगेतली.

रेबीजची गोष्ट निराळी. चावा किरकोळ असतो, दुखणे नसतेच. पण लक्षणे दिसू लागली की हा रोग जवळजवळ नेहमीच जीव घेतो, त्यामुळे ‘काही झाले तर बघू’ या वाक्याला इथे अर्थ उरत नाही. जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुणे आणि लगेच लसीसाठी जाणे एवढेच हाती असते.

कोणाचे दुखणे

तेच लक्षण सगळ्यांत सारखे नसते. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ अंश सेल्सियस ताप आला तर तो त्याच दिवशी दाखवावा. त्याहून मोठ्या मुलांत आकड्यापेक्षा वागणे जास्त सांगते. अंगावर पीत नाही किंवा पाणी घेत नाही, पोटात काहीच टिकत नाही, झटके आले, मूल निपचित पडून आहे, यांतील एकही खूण पुरे. वृद्धांत उलटा प्रकार. जंतुसंसर्ग असूनही ताप येत नाही, अचानक बरळणे किंवा माणसे न ओळखणे हेच पहिले लक्षण असते आणि ते ‘वयामुळे’ म्हणून सोडून दिले जाते. गर्भारपणात रक्तस्राव, अंधुक दिसण्यासह तीव्र डोकेदुखी किंवा बाळाची हालचाल कमी होणे, यांसाठी ठरलेल्या तपासणीची वाट पाहत नाहीत.

मनाची दुखणी सर्वांत जास्त अंगावर काढली जातात. उदासी, कशातच रस न वाटणे, झोप-भूक बिघडणे असे दिवसाचा बहुतेक वेळ दोन आठवडे राहिले, तर नैराश्याच्या निदानासाठी तपासणी करावी, अशी वैद्यकाची रेघ आहे. जगू नये असे विचार येत असतील तर ती रेघ लागू नाही, त्याच दिवशी मदत घ्यावी लागते आणि तोवर माणसाला एकटे सोडत नाहीत. असे थेट विचारल्याने ते विचार डोक्यात शिरतात, ही समजूत चुकीची आहे.

घरच्या उपायांच्या मर्यादा

घरी करण्याजोगे खूप असते. जुलाबात जलसंजीवनी ही त्यातली सर्वांत मोलाची गोष्ट. मात्र लघवी थांबत आली, डोळे खोल गेले, माणूस गुंगीत जाऊ लागला की ती एकटी पुरत नाही. पॅरासिटामॉल सुरक्षित मानले जाते, पण निरोगी प्रौढासाठी दिवसाची कमाल मात्रा ४ ग्रॅम आहे. ताप, सर्दी आणि अंगदुखी यांच्या वेगवेगळ्या नावांच्या गोळ्यांत हेच औषध असते, तेव्हा मात्रा नकळत दुप्पट होते आणि यकृताला इजा पोचते. इतर वेदनाशामके दिवसेंदिवस घेतली तर जठर आणि मूत्रपिंडाला महागात पडतात. मागच्या आजारातली उरलेली प्रतिजैविके कशावरच घेऊ नयेत.

उलट टोकही आहे. प्रत्येक बारीकसारीक दुखण्यात कर्करोग पाहणाऱ्याला तपासण्यांनी शांती मिळते ती थोडा वेळच. निरोगी माणसावर भारंभार चाचण्या केल्या की एखादा आकडा हटकून सीमेबाहेर निघतो आणि त्याच्या मागे आणखी चाचण्या लागतात. यावर ब्रिटिश डॉक्टर रॉजर नेबर यांनी १९८७ मध्ये सहकाऱ्यांना स्वतःलाच विचारायला सांगितलेले तीन प्रश्न रोग्यालाही उपयोगी पडतात : माझा अंदाज बरोबर असेल तर पुढे काय व्हायला हवे? तो चुकला हे मला कशावरून कळेल? आणि तेव्हा मी काय करीन? दवाखान्यातून निघताना या तिन्हींची उत्तरे मागून घेता येतात.

उशिरामागची कारणे

अंगावर काढणे हा नेहमीच निष्काळजीपणा नसतो. ज्यांना वैद्यकीय सेवेची सर्वाधिक गरज, त्यांनाच ती सर्वांत कमी मिळते, हे ज्युलियन ट्यूडर हार्ट या वेल्समधील डॉक्टरांनी १९७१ मध्ये दाखवून दिले. १९९४ मध्ये सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन यांनी मातामृत्यूंच्या संदर्भात उशिराचे तीन टप्पे वेगळे केले : मदत घ्यायची हे ठरवायला लागणारा उशीर, तिथे पोचायला लागणारा उशीर आणि पोचल्यावर उपचार सुरू व्हायला लागणारा उशीर. यातला पहिला टप्पा घरात घडतो, म्हणून दोष घरच्यांवर येतो. पण रस्ता किती लांब आहे, खर्च किती येईल आणि तिथे आपल्याशी कोणी नीट बोलेल का, हे सगळे ठरवणाऱ्याच्या मनात आधीच असते. मागच्या खेपेला ताटकळून परत आलेले कुटुंब पुढच्या खेपेला उशिरा निघते.