‘मणका सरकला’ म्हणजे नक्की काय सरकलं? रग्बी, कायरोप्रॅक्टिक आणि मागचा इतिहास

ओळखीतली दोन पोरं रग्बी खेळतात, एकाची मान टॅकलमध्ये, म्हणजे पळणाऱ्याला धरून पाडतात त्यात, आखडली आणि घरात दोन तट पडले, फिजिओकडे न्यायचं की रीलमध्ये दाखवतात तसं कडकन मान मोडून देणाऱ्या कायरोवाल्याकडे, म्हणजे हाताने मणके दाबून उपचार करणाऱ्या कायरोप्रॅक्टरकडे. आजीचं तिसरंच, तेल लावा नि व्यायाममंदिरातल्या हाडवैद्याकडे न्या. हाडवैद्य म्हणजे काय हे दांडिया बाजारात वाढलेल्या माणसाला सांगायला नको, आपल्या बडोद्यात निखळलेला खांदा आखाड्यातच बसवायचे आणि कित्येकांचा तो छान बसलाही आहे, तेव्हा ते सोडून देतो.

आता योगायोग बघा. २९ ऑगस्ट १८९५ ला इंग्लंडमध्ये हडर्सफील्डच्या एका हॉटेलात उत्तरेकडचे रग्बी क्लब फुटून निघाले, भांडण कसलं तर खेळापायी बुडालेली दिवसाची मजुरी खेळाडूला द्यायची की नाही. त्यानंतर तीनच आठवड्यांनी, म्हणजे सांगतात ती तारीख १८ सप्टेंबर, अमेरिकेत आयोवातल्या डेव्हनपोर्टला चुंबकाने उपचार करणाऱ्या एका माणसाने कमी ऐकू येणाऱ्या सफाई कामगाराच्या पाठीतला मणका दाबला आणि त्याला ऐकू यायला लागलं असा दावा केला. कायरोप्रॅक्टिक तिथून सुरू. नाव ग्रीक, अर्थ हाताने केलेलं काम. १९०६ मध्ये हाच माणूस विनापरवाना डॉक्टरकी केली म्हणून तुरुंगातही जाऊन आला.

इंग्लंडमधले हाडवैद्यही काही सुखात नव्हते. तिथे खेळाडूंचे गुडघे बसवणाऱ्या एका नामांकित हाडवैद्यासाठी पेशंटला भूल देणाऱ्या डॉक्टरचं नाव १९११ मध्ये डॉक्टरांच्या रजिस्टरमधून उडवलं आणि १९२२ मध्ये त्याच हाडवैद्याला सरकारने ‘सर’ केलं! डॉक्टरचं नाव मात्र गेलं ते गेलंच. मला यात डॉक्टरमंडळींचा हट्टच जास्त दिसतो, पण असो.

खरी गुंतागुंत आहे ती सबलक्सेशन या शब्दाची. ऑर्थोपेडिकवाला हा शब्द वापरतो तेव्हा सांधा अर्धवट निखळलाय, एक्स-रेत दिसतोय, असा त्याचा सरळ अर्थ. कायरोप्रॅक्टिकच्या जुन्या मंडळींचा अर्थ वेगळाच होता, मणका जरासा जागचा हलला की नसेतला प्रवाह अडतो आणि त्यातून बहुतेक सगळे आजार होतात, बहिरेपणसुद्धा. म्हणजे आपल्याकडे पोट दुखलं की बेंबी सरकली म्हणतात आणि गुजराती शेजारीण पेचोटी खसली म्हणते, त्यातलाच प्रकार, दुखणं खरं पण सरकलेलं कुणाला दाखवता येत नाही. गंमत म्हणजे १९७२ मध्ये अमेरिकेच्या सरकारने म्हाताऱ्यांच्या आरोग्य विम्यात हा उपचार घेतला तेव्हा अट घातली की सबलक्सेशन एक्स-रेत दिसलं पाहिजे, मग काय, जे दिसतं की नाही यावरच वाद त्याचे फोटो काढणं आलं, आणि ही अट २००० साल उजाडल्यावरच गेली. तोवर शब्द कायद्यात आणि बिलात इतका मुरला होता की ज्यांना तो पटत नव्हता त्यांनाही लिहावाच लागायचा. शेवटी २०१० मध्ये ब्रिटनमधल्या नियामक संस्थेनेच सांगून टाकलं की ही ऐतिहासिक कल्पना आहे, त्यामुळे आजार होतात असं म्हणायला संशोधनाचा आधार नाही. तरी आजही क्लिनिकमध्ये प्लास्टिकचा पाठीचा कणा हातात घेऊन ‘इथे सरकलंय’ म्हणतातच.

मान मोडताना येणारा तो टॉक आवाजही हाड जागेवर बसल्याचा नसतो. सांध्यातल्या द्रवात वायूची पोकळी होते त्याचा तो आवाज, २०१५ मध्ये बोटाचे सांधे ओढून एमआरआयवर हे बघितलं गेलं. पेशंटला मात्र आवाज आला की पैसे वसूल वाटतात.

डॉक्टरांशी भांडण कोर्टातही गेलं. अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या मोठ्या संघटनेने सभासदांना कायरोवाल्यांशी संबंध ठेवायला मनाई केली होती, १९७६ मध्ये त्यावर कायरोवाल्यांनी खटला भरला आणि १९८७ मध्ये निकाल संघटनेविरुद्ध लागला. पण तो निकाल धंद्यातली स्पर्धा अडवल्याचा होता, उपचार बरोबर की चूक याचा नव्हताच, हे जाहिरातवाले सोयीने गाळतात.

कायरोप्रॅक्टिकचा खेळात प्रवेश मात्र सिद्धांताच्या जोरावर झाला नाही. १९८० च्या लेक प्लॅसिड हिवाळी ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेच्या टीमबरोबर अधिकृतपणे कायरोप्रॅक्टर होता. १९९५ मध्ये रग्बी युनियन, म्हणजे ज्यातून ते उत्तरेकडचे क्लब फुटले होते ते मूळ रग्बी, व्यावसायिक झालं, खेळाडू जाडजूड आणि वेगवान झाले, टक्कर वाढली आणि शनिवारी ठोकलेला माणूस पुढच्या शनिवारी उभा करायचा म्हणून टीमला मिळेल तो हात हवा होता. कंबरदुखीत मणक्याच्या मॅनिप्युलेशनने, म्हणजे हाताने दाबून-झटका देऊन सांधा हलवण्याने, थोडाफार आराम पडतो, साधारण इतर व्यायाम-उपचारांइतकाच, त्यामुळे त्यात वावगं काही नाही. परफॉर्मन्स वाढतो, स्प्रिंट सुधारते, हे दावे मात्र फार पातळ आहेत, मला तर त्यात मसाज टेबलावर पडून मिळणारी विश्रांतीच जास्त वाटते.

मानेचं प्रकरण वेगळं. स्क्रममध्ये, म्हणजे दोन्ही टीम डोकी खाली घालून एकमेकांना रेटतात तेव्हा, मानेवर इतका भार यायचा की २०१३ मध्ये भिडायची पद्धतच बदलली, आधी पकड घ्यायची, मग भिडायचं. डोक्याला मार लागलाय का हे बाहेर नेऊन तपासायची पद्धत त्याच्या आदल्या वर्षी, २०१२ मध्ये, सुरू झाली. डोकं आपटलेलं, हातात मुंग्या, हात लुळा, असं असताना मान झटक्याने फिरवायची नाही हे शहाणा कायरोप्रॅक्टरसुद्धा सांगतो, कारण मानेतली रक्तवाहिनी फाटून स्ट्रोक आल्याच्या केसेस नोंदल्या आहेत, विरळ, पण आहेत.

आपल्याकडे संलग्न आरोग्यसेवा व्यवसायांच्या २०२१ च्या कायद्यात फिजिओथेरपी आली, कायरोप्रॅक्टिकसाठी वेगळी परिषद देशात नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्ये पूर्ण शिक्षणाला निदान ४२०० तास आणि त्यात १००० तास देखरेखीखाली प्रत्यक्ष काम असं म्हटलंय. आपल्याकडे पाटी लावणाऱ्याला हे तास विचारणारं कुणी नाही, म्हणून ते पालकांनीच विचारायचे. आमच्या त्या पोराला शेवटी आधी ऑर्थोपेडिककडे नेला.