विशेष शिक्षणाचा खर्च नेमका कोण उचलतो?

‘अमेरिकेत अपंग मुलांच्या शिक्षणाचा कायदा संघीय सरकारचा, म्हणून त्याचा सगळा खर्चही तेच देते,’ असा संदेश वर्षानुवर्षे फिरतो आहे. अपेक्षा रास्त आहे. वस्तुस्थिती मात्र वेगळी आहे. १९७५ च्या या कायद्याने शाळांवर जबाबदारी टाकली, पण संघीय वाट्याची कमाल मर्यादा दर विद्यार्थ्यामागील राष्ट्रीय सरासरी खर्चाच्या ४० टक्के ठेवली, आणि तेवढी रक्कमही नियमित अनुदानातून कधी मिळालेली नाही. उरलेला भार राज्यावर आणि स्थानिक मालमत्ता करावर पडतो. विनानिधी आदेशांविषयीचा, म्हणजे पैसे न देता राज्यांवर व स्थानिक संस्थांवर टाकलेल्या जबाबदाऱ्यांविषयीचा, १९९५ चा कायदा मुख्यतः खर्चाचा अंदाज मांडायला लावतो, आदेश रोखत नाही. पडताळणीसाठी आपल्या शालेय जिल्ह्याचे (परिसरातील सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थेचे) अंदाजपत्रक उघडावे आणि विशेष शिक्षणावरील एकूण खर्च, म्हणजे वाचा-उपचार, मदतनीस, स्वतंत्र बस वगैरे, त्यासाठी मिळालेल्या संघीय अनुदानाशेजारी ठेवून पाहावा.