चित्राआधी कागद पाहावा : जुनी निसर्गचित्रे आणि दुर्मीळ विज्ञानग्रंथ घेणाऱ्यांसाठी माहितीपत्रक

सन्माननीय ग्राहक,

पक्षी, फुले, कीटक किंवा शंखशिंपल्यांचे जुने छापील चित्र हाती घेतल्यावर बहुतेक जण आम्हाला पहिला प्रश्न विचारतात तो ‘हे अस्सल आहे ना?’ हाच. आम्ही त्याचे उत्तर लेखी देतोच. परंतु ते आपल्याला स्वतःलाही पडताळून पाहता यावे, या हेतूने हे पत्रक काढले आहे.

मुळात ‘अस्सल’ म्हणजे चित्रकाराने स्वहस्ते रंगवलेले चित्र, असा अर्थ येथे नसतो. ज्या ग्रंथासाठी किंवा चित्रसंचासाठी ते चित्र तयार झाले, त्याच्या प्रकाशनाच्या काळी मूळ ताम्रपटावरून (चित्र कोरलेल्या तांब्याच्या पत्र्यावरून), लाकडी ठशावरून किंवा शिळेवरून (तेलकट खडूने चित्र काढलेल्या दगडावरून) छापलेला कागद म्हणजे अस्सल प्रिंट. ऑड्युबॉन या चित्रकाराच्या ‘अमेरिकेचे पक्षी’ या चित्रसंचाचेच पाहा. १८२७ ते १८३८ या काळात त्याची ४३५ चित्रे ताम्रपटावरून छापून हाताने रंगवली गेली. पहिले काही ताम्रपट एडिंबरोला लिझार्सने कोरले आणि पुढचे काम लंडनला हॅवेलने केले. हे कागद जवळजवळ एक मीटर उंच आहेत. त्यानंतर १८४० ते १८४४ मध्ये लहान आकाराची शिळाछाप आवृत्ती निघाली, १८५८पासून रंगीत शिळाछापाची मोठी आवृत्ती सुरू झाली, आणि विसाव्या शतकापासून भिंतीवर लावण्याच्या नकलांना तर सुमारच राहिला नाही. पक्षी तोच, पण वस्तू चार, आणि त्यांच्या मोलात जमीनअस्मानाचा फरक. पहिल्या तिन्ही जुन्याच आहेत, त्यामुळे नुसते ‘जुने प्रिंट’ असे लिहिलेल्या पावतीला फारसा अर्थ नाही. आमच्या पावतीवर आवृत्ती, छपाईची पद्धत आणि रंग केव्हाचे असावेत याबद्दलचे आमचे मत, या तिन्ही गोष्टी लिहिलेल्या असतात.

पडताळणीसाठी दहापट मोठे दाखवणारे भिंग पुरते. भिंगाखाली पिसाऱ्यावर रंगीत ठिपक्यांची जाळी दिसली, तर ती आधुनिक यंत्रछपाई समजावी आणि पुढचा विचार सोडून द्यावा. ताम्रपटाच्या छपाईत रेषा सलग आणि धारदार असतात, शाई कागदावर किंचित उठून आलेली असते आणि चित्राभोवती पटाच्या कडेचा दाब बोटाला चौकटीसारखा लागतो. मात्र हा दाब एकटा पुरावा ठरत नाही, कारण कडा कापताना तो निघून गेलेला असू शकतो आणि नकलेवर मुद्दाम उठवलेलाही असू शकतो. शिळाछापात असा दाब नसतो. तेथे तेलकट खडूचे बारीक रवे दिसतात. हाताने भरलेला रंग ओळखणे तर आनंदाचेच काम आहे : पंखाच्या टोकाशी कुंचला रेषेबाहेर केसभर सरकलेला असतो, आणि डोळ्यावर किंवा गडद पिसांवर बाभळीच्या जातीच्या डिंकाचा हात दिलेला असल्यास कागद तिरका धरताच तेवढाच भाग चमकतो. कर्टिसच्या वनस्पतीविषयक नियतकालिकातील चित्रे १७८७पासून थेट १९४८पर्यंत हाताने रंगवली जात होती, त्यामुळे हातरंग म्हणजे फार जुने, हाही समज धरू नये.

यानंतर कागद उजेडासमोर धरावा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापूर्वीचा कागद बहुधा चिंध्यांच्या लगद्याचा असल्याने अजूनही लवचीक असतो. नंतरचा लाकडी लगद्याचा कागद आम्लामुळे पिवळा पडतो आणि कडांशी तुटतो. जलचिन्हात, म्हणजे उजेडासमोर धरल्यावर कागदात दिसणाऱ्या खुणेत, वर्ष असल्यास त्यावरून चित्र त्या वर्षाआधी छापलेले नाही, एवढेच सिद्ध होते. तांब्यापासून केलेला जुना हिरवा रंग कागद हळूहळू जाळतो, म्हणून पानाफुलांच्या चित्रामागे तपकिरी छटा उतरलेली दिसते. ग्राहक तिला डाग समजून नाक मुरडतात. आम्हाला मात्र ती दिसली की बरे वाटते, कारण ती जुन्या रंगाची खूण असते.

ग्रंथांच्या बाबतीत पहिला प्रश्न पूर्णतेचा. पाने आणि चित्रे एकेक करून मोजावीत आणि त्या ग्रंथाच्या प्रमाणित वर्णनाशी ताडावीत. रॉबर्ट हुक या शास्त्रज्ञाच्या १६६५च्या सूक्ष्मदर्शक-ग्रंथातील पिसवेचे घडीचे मोठे चित्र फाटण्याचा किंवा कोणी काढून घेण्याचा धोका सर्वाधिक, म्हणून ते आधी उघडून पाहावे. डार्विनच्या ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ या उत्क्रांतीवरील ग्रंथाची पहिली आवृत्ती २४ नोव्हेंबर १८५९ रोजी निघाली आणि तिच्या १,२५० प्रती छापल्या होत्या, तिच्या विसाव्या पानावर ‘स्पीशीज’ या शब्दात एक ‘ई’ जादा पडलेला आहे. अशा खुणा उपयोगी पडतात, पण एका खुणेवर विसंबू नये. आम्हीच एकदा एका चित्रसंचाची नुसती बांधणी पाहून तो घेतला आणि घरी आल्यावर त्यातील एक चित्र नंतरची नक्कल निघाले. तेव्हापासून मोजल्याशिवाय आम्ही काही घेत नाही. तज्ज्ञही चुकतात. गॅलिलिओच्या १६१०च्या ग्रंथाची २००५मध्ये पुढे आलेली एक प्रत नामांकित अभ्यासकांनी अस्सल ठरवली होती, आणि निक वाइल्डिंग या इतिहासकाराच्या चिकाटीमुळे २०१२मध्ये ती बनावट असल्याचे उघड झाले. म्हणूनच प्रत आधी कोणाकडे होती, याची साखळी आम्ही मागतो. ग्रंथालयाचा शिक्का आहे, पण प्रत रीतसर काढून टाकल्याची नोंद नाही, असा ग्रंथ आम्ही घेत नाही आणि विकत नाही.

एक गोष्ट स्पष्टच सांगतो. बाजारातील बरीच सुटी चित्रे ग्रंथ फोडून काढलेली असतात, कारण एकेक पान विकून पूर्ण ग्रंथापेक्षा जास्त पैसे येतात. आम्ही पूर्ण ग्रंथ फोडत नाही. आमच्याकडील सुटी चित्रे आधीच विस्कळीत झालेल्या प्रतींतून आलेली असतात. यामुळे कधीकधी आपल्याला हवे असलेले एकच चित्र आमच्याकडून मिळणार नाही.

जपणुकीत सर्वांत मोठा शत्रू उजेड. चित्रावर ५० लक्सपेक्षा (लक्स हे उजेडाचे माप) जास्त उजेड पडू नये आणि थेट ऊन तर मुळीच नको; अतिनील किरण अडवणारी काच उपयोगी, पण तिच्या भरवशावर चित्र खिडकीसमोर लावू नये. माउंटचा, म्हणजे चौकटीत चित्रामागे व भोवती लावायचा, पुठ्ठा आम्लमुक्त असावा, नाहीतर काही वर्षांत चित्राभोवती तपकिरी चौकट उमटते. चित्र पुठ्ठ्याला चिकटवू नये; गव्हाच्या स्टार्चच्या खळीने लावलेल्या जपानी कागदाच्या दोन पट्ट्यांवर ते टांगावे. चिकटपट्टी कधीही नको. ओलसर भिंत टाळावी. बुरशीचे किंवा लोहाचे तपकिरी ठिपके घरच्या घरी ब्लीचने काढू नयेत. ठिपक्यांसह चित्र टिकते, ब्लीचने टिकत नाही.

घेतलेली वस्तू आमच्या वर्णनाशी जुळत नसल्यास ती कधीही परत घेऊ. प्रत्येक चित्राच्या मागे खालच्या कोपऱ्यात मऊ पेन्सिलीने आमचा नोंदक्रमांक लिहिलेला असतो. कृपया तो खोडू नये आणि माउंट करणाऱ्यालाही तसे आधीच सांगून ठेवावे.