पोलंडमधल्या सामूहिक हत्येच्या जागी स्मारक: कोणाला अर्ज करता येतो, कोणती कागदपत्रे लागतात

१३ जुलै १९४२ रोजी पोलंडमधल्या युझेफुव गावातल्या सुमारे १,५०० ज्यूंना जर्मन राखीव पोलीस बटालियन १०१ ने जवळच्या जंगलात नेऊन गोळ्या घातल्या. तिथे आज स्मारक आहे. पण अशा कितीतरी जागा अजून झाडीत नाहीतर शेताच्या कडेला पडून आहेत. गावातल्या म्हाताऱ्यांना त्या ठाऊक असतात, पाटी मात्र नसते. इस्रायलमधल्या ज्या बेने इस्रायली मराठी घरांत पोलंडच्या मुळाची सून किंवा जावई असेल, त्या घरांनाही ही माहिती उपयोगी पडावी.

अर्ज कोणी करायचा?

मृतांचे नातेवाईकच हवेत असे नाही. गावची शाळा, एखादी संस्था किंवा खुद्द ग्मिना, म्हणजे तिथली स्थानिक स्वराज्य संस्था, पुढाकार घेऊ शकते. परदेशात राहत असाल तर तिथल्या विश्वासू माणसाच्या नावे मुखत्यारपत्र करा. ते दाखल करताना १७ झ्लोटी (पोलंडचे चलन) शुल्क पडते. सरकारी कामकाज पोलिश भाषेत चालते, म्हणून परदेशी कागदांसोबत शपथबद्ध अनुवादकाचे भाषांतर जोडा. ‘झापोम्न्याने’ (अर्थ: विसरलेले) ही संस्था २०१४ पासून नेमके हेच काम करते. पहिले पत्र तिला लिहावे, असे मी आग्रहाने सांगेन.

आधी जागा, मग दगड

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. ज्यू धर्मशास्त्रात मृताची विश्रांती मोडायला मनाई आहे, त्यामुळे कुदळ लावून खात्री करायची सोय नाही. ज्यूंच्या अशाच हत्येच्या जागी, पोलंडमधल्या येदवाब्ने गावात, २००१ साली सुरू झालेले उत्खनन याच आक्षेपामुळे अर्धवट थांबले. ज्यू दफनभूमींसाठीचे वॉर्सातले रब्बींचे मंडळ जमिनीला धक्का न लावता केलेली पाहणीच मान्य करते: भूवेधी रडार, लेझरने केलेले हवाई मोजमाप, युद्धकाळातली हवाई छायाचित्रे. जर्मन हवाई दलाने काढलेली अशी छायाचित्रे अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत.

त्याला कागदाची जोड हवी. १९४५ मध्ये पोलिश न्यायालयांनी गावोगावच्या हत्या आणि दफनखड्डे यांची प्रश्नावली भरून घेतली होती. ती पोलंडच्या सरकारी राष्ट्रीय स्मृती संस्थेकडे मिळते. वाचलेल्यांच्या जबान्या वॉर्सातल्या ज्यू इतिहास संस्थेत आहेत, तर मृतांची नावे याद वाशेम या ज्यू संहाराच्या जेरुसलेममधल्या स्मृतिसंस्थेच्या नामसूचीत. गावातले साक्षीदार आता नव्वदीपुढचे आहेत. त्यांच्याकडे आजच जा, कागद नंतरही सापडतील.

खड्ड्याची हद्द जमिनीवर आखणे हे स्मारकाइतकेच महत्त्वाचे. कोहेन, म्हणजे पुरोहित घराण्यातल्या पुरुषांना, कबरीवरून चालता येत नाही. पायवाट, कुंपण, चौथऱ्याचा पाया हे सगळे हद्दीबाहेर आले पाहिजे.

परवानग्या

जमीन कोणाची हे आपल्या सातबाऱ्यासारख्या तिथल्या भूनोंदीत पाहा. ही नोंदवही ऑनलाइन विनामूल्य वाचता येते. मालकाची लेखी संमती घ्या. जंगल असेल तर बहुधा सरकारी वनखात्याची लागते. स्मारक उभारण्याचा ठराव करण्याचा अधिकार ग्मिनाच्या परिषदेचा आहे. जागा युद्धकबर म्हणून नोंदली असेल तर १९३३ च्या कायद्याप्रमाणे वोयेवोदाची, म्हणजे प्रांतातल्या केंद्र सरकारच्या प्रतिनिधीची, परवानगी लागते. अर्जासोबत नकाशा, पाहणीचा अहवाल, आराखडा, पाटीवरचा पूर्ण मजकूर आणि रब्बींच्या मंडळाचे पत्र ठेवा. प्रशासकीय निर्णयाला कायद्याने एक महिना, गुंतागुंतीच्या प्रकरणात दोन महिने दिले आहेत. बांधकाम खात्याची परवानगी लागते का, हे आराखडा हातात आल्यावर तिथेच विचारा.

पाटीवरच्या मजकुरावर वाद होतात, तिथे मात्र माघार घेऊ नका. युद्धानंतरच्या अनेक पाट्यांवर मृतांचा ज्यू म्हणून उल्लेखच नव्हता. कोण मारले गेले, कोणी मारले, कधी, हे तिन्ही पोलिश आणि हिब्रूत लिहा. आकडा पक्का नसेल तर ‘सुमारे’ लिहा. मिळालेली नावे कोरा, दोनच मिळाली तरी.

अनावरणाला काद्दिश, म्हणजे मृतांसाठीची प्रार्थना, म्हणायचा तर पारंपरिक रीतीने १० प्रौढ ज्यू पुरुष लागतात. गावात कोणी उरलेले नसते. वॉर्सा किंवा क्राकोव्हच्या ज्यू समाजाला तारीख आधीच कळवून माणसांच्या जाण्यायेण्याची सोय करा.