जिभेला रात्रभर जागं ठेवणारं यंत्र

‘घोरतायत म्हणजे गाढ झोपलेत’ असं आपल्याकडे सर्रास म्हटलं जातं. पण बेळगाव, निपाणी, खानापूरकडच्या बायकांच्या तोंडी दुसरीही एक तक्रार असते: “घोरता घोरता मध्येच गप्प होतात ओ. श्वासच बंद. हलवलं की दचकून श्वास घेतात.” ज्याचा श्वास अडतो त्याला सकाळी यातलं काहीच आठवत नसतं. रात्रभर झोपूनही डोकं जड, तोंड कोरडं आणि दुपारी बसल्या जागी डुलकी, एवढंच त्याला जाणवतं. पुणे-बेंगळुरू महामार्गावर रात्री ट्रक चालवणाऱ्याला हा त्रास असेल, तर तो त्याच्या एकट्याचा राहत नाही. मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती याची.

या आजाराला स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. उसाला पाणी देताना पंपाच्या ओढीच्या बाजूला पातळ नळी लावली, तर ती चपटी होते आणि पाणी येईनासं होतं. श्वास आत ओढताना सैल घशाचं तसंच होतं. त्यात जिभेचं मूळ मागे पडून वाट अडवतं. निदान 10 सेकंद हवा थांबली की तो एक अडथळा मोजतात. हवा थांबली नाही, पण बरीच कमी झाली, तर तेही त्यातच धरतात. तासाला असं 15 किंवा जास्त वेळा झालं तर आजार मध्यम, 30 च्या वर गेलं तर तीव्र. प्रत्येक वेळी रक्तातला ऑक्सिजन घसरू लागतो, मेंदू क्षणभर जागा होतो आणि रक्तदाब उसळतो.

यावरचा पहिला उपाय म्हणजे सीपॅप. 1981 मध्ये ऑस्ट्रेलियातले डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी तो जगापुढे मांडला. मास्कमधून येणारी दाबाची हवा घसा उघडा ठेवते. उपाय उत्तम आहे, आधी तोच करून बघावा. पण कितीतरी जणांना मास्क लावून झोपच लागत नाही. गुदमरल्यासारखं होतं, मध्यरात्री तो ओढून काढला जातो. शिवाय ते यंत्र विजेवर चालतं, आणि जांबोटी-कणकुंबीकडच्या पावसात रात्रीची वीज गेली की काय होतं ते तिथल्या लोकांना सांगायला नको.

मास्क न सोसणाऱ्यांपैकी काहींसाठी शरीरात बसवायचं यंत्र आहे. अमेरिकेत 2014 मध्ये त्याला मान्यता मिळाली. उजव्या गळपट्टीच्या हाडाखाली, कातडीच्या आत एक छोटी डबी बसवतात, तिच्यातच बॅटरी असते. डबीतून निघालेली तार हनुवटीखाली जाऊन जीभ हलवणाऱ्या मज्जातंतूला वेढते. मेंदूतून निघणाऱ्या तंतूंच्या 12 जोड्यांपैकी ही शेवटची. श्वास घेताना डबी हलका विद्युतझटका देते, जीभ पुढे सरकते आणि वाट मोकळी होते.

खरी गोष्ट शस्त्रक्रियेनंतर सुरू होते, आणि ज्यांनी हे यंत्र बसवलंय त्यांचे अनुभव इथेच ऐकण्यासारखे आहेत. यंत्र लगेच चालू करत नाहीत. जखम भरायला साधारण महिना देतात. मग दवाखान्यात बसवून प्रवाह थोडा थोडा वाढवतात. आधी जिभेला मुंग्या येतात, मग ती आपसूक खालच्या दातांकडे सरकते. स्वतःची जीभ आपण न हलवता हलते आहे, हे पहिल्यांदा फार विचित्र वाटतं. घरी झोपताना रिमोटचं बटण दाबायचं. झटके लगेच सुरू होत नाहीत. डोळा लागावा म्हणून अर्धा तास वगैरे उशीर ठरवून ठेवता येतो. रात्री पाणी प्यायला उठलं तर थांबवायचं बटण वेगळं.

काहींना त्या झटक्यांनीच जाग येते. मग प्रवाह कमी करून आठवड्यागणिक पायरीपायरीनं वाढवावा लागतो. काहींची जीभ दातांवर घासून सोलवटते, त्यांना दातांवर घालायचं आवरण देतात. सुरुवातीला कुणाच्या जिभेची ताकद थोडी कमी होते, ती बहुधा भरून येते. पुढे एक रात्र तपासणीत झोपवून प्रवाह पुन्हा जुळवतात. पहिल्या रात्रीच फरक पडेल म्हणून बसलेला माणूस इथे खचतो. तो खचू नये म्हणून शस्त्रक्रियेआधीच हे महिने त्याला स्पष्ट सांगायला हवेत, असं माझं ठाम मत आहे.

2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 126 जणांना हे यंत्र बसवलं होतं. वर्षभरानंतर तासाला होणाऱ्या श्वासाच्या अडथळ्यांचा मध्यांक 29 वरून 9 वर आला. फायदा झालेल्यांपैकी काहींचं यंत्र मुद्दाम आठवडाभर बंद ठेवलं, तर त्यांचे अडथळे जवळजवळ पूर्वीइतके वाढले. म्हणजे हे यंत्र आजार मुळातून काढत नाही, चालू असेपर्यंत आवरून धरतं.

आणि ते सगळ्यांना चालत नाही. भूल देऊन दुर्बिणीतून घसा पाहतात. तो चारही बाजूंनी आवळत असेल तर नुसती जीभ पुढे आणून भागत नाही. वजन फार असेल तरीही फायद्याची शक्यता घटते. आपल्या सीमाभागात हा उपचार अजून नेहमीचा नाही, पण झोपेच्या तपासणीसाठी त्याची वाट बघायचं कारण नाही. शेजारी झोपणाऱ्यानं श्वास अडतानाचा दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ मोबाईलवर काढावा आणि कान-नाक-घशाच्या किंवा छातीच्या डॉक्टरांना दाखवावा. तपासणीत आजार ठरला की आधी सीपॅप, आणि मास्क सोसत नसेल तर तो गुपचूप कपाटात न टाकता तसं डॉक्टरांना सांगावं. मास्कचा आकार किंवा दाब बदलूनही अनेकांचं जमतं.