मोडल डायलॉग: लूपच्या आत फिरणारा दुसरा लूप

‘बदल सेव्ह करायचे का?’ विचारणारी चौकट, म्हणजे मोडल डायलॉग, उघडली की मागची विंडो क्लिक घेत नाही. प्रोग्राम मात्र थांबलेला नसतो. चौकटीसाठी आत दुसरा इव्हेंट लूप, म्हणजे क्लिक, कळ दाबणे अशा घटना (इव्हेंट) एकेक करून उचलणारे चक्र, फिरत असतो. बहुतेक घोळ त्या लूपमुळेच होतात.

1984 च्या मॅकिंटॉशवर प्रोग्राम गेटनेक्स्टइव्हेंट बोलावून एकेक इव्हेंट स्वतः उचलत असे. मोडलडायलॉग हे रूटीन बोलावले की ते काम त्याच्याकडे जाई आणि चौकटीबाहेर क्लिक केल्यास फक्त बीप वाजे. मधल्या काळात इव्हेंट पाहायचे असतील, तर सोबत फिल्टर फंक्शन (प्रत्येक इव्हेंट आधी पाहणारे आपले फंक्शन) द्यावे लागे.

विंडोजचे डायलॉगबॉक्स फंक्शन आधी मालक विंडो डिसेबल करते, मग चौकट मिटवणारे एंडडायलॉग होईपर्यंत आपला मेसेज लूप चालवते (विंडोजमध्ये इव्हेंटला मेसेज म्हणतात). इथे नीट लक्ष द्यायला हवे: डिसेबल केल्याने माउस आणि कीबोर्ड बंद होतात, टायमर आणि पेंटचे (विंडो पुन्हा रंगवण्याचे) मेसेज येतच राहतात. समजा, चौकट उघडी असताना टायमरच्या हँडलरने डॉक्युमेंट बंद केले. चौकट मिटल्यावर कोड पुढच्या ओळीवर येतो, मोकळ्या झालेल्या मेमरीला हात लावतो आणि प्रोग्राम कोसळतो.

उलटही घडते. कीबोर्ड शॉर्टकट ओळखणारे ट्रान्सलेट-ॲक्सिलरेटर मुख्य लूपमध्ये असल्याने चौकट उघडी असताना शॉर्टकट चालत नाहीत. विंडोऐवजी थेट थ्रेडला मेसेज धाडणाऱ्या पोस्ट-थ्रेड-मेसेजने पाठवलेल्या मेसेजला विंडोच नसते, त्यामुळे आतला लूप तो उचलतो आणि तो हरवतो. स्वतः मोडल लूप लिहिताना क्विटचा (प्रोग्राम संपवण्याचा) मेसेज आला तर तो बाहेरच्या लूपसाठी पुन्हा पोस्ट करावा. बंद करतानाचा क्रमही चुकवू नये: आधी मालक एनेबल, मग चौकट नष्ट. नाहीतर दुसऱ्याच ॲपची विंडो पुढे येते.

मॅकच्या कोको या ॲप बनवण्याच्या लायब्ररीमध्ये अडचण वेगळी. तिथे मोडल लूप वेगळ्या रनलूप मोडमध्ये (लूपने कोणते इव्हेंट घ्यायचे हे ठरवणाऱ्या स्थितीत) चालतो, म्हणून डीफॉल्ट मोडमधला टायमर वाजतच नाही. तो कॉमन मोड्समध्ये, म्हणजे मोडल मोडही धरणाऱ्या मोडगटात, नोंदवावा.

2001 मध्ये मॅक ओएस एक्सने शीट, म्हणजे डॉक्युमेंटच्या विंडोलाच जोडलेली चौकट, आणली. अडवणूक एका डॉक्युमेंटपुरती उरली. जावा 6 ने 2006 मध्ये तसाच डॉक्युमेंट-मोडल प्रकार दिला. विंडो बनवण्याच्या क्यूटी लायब्ररीचे दस्तऐवज आत लूप चालवणारे एक्झेक टाळून लगेच परतणारे ओपन वापरायला सांगतात, तर तशाच जीटीके लायब्ररीच्या 2020 च्या आवृत्ती 4 ने आत लूप चालवणारे डायलॉग-रन काढूनच टाकले. हा बदल योग्यच होता. मात्र आता उत्तर कॉलबॅकमध्ये (चौकट मिटल्यावर बोलावल्या जाणाऱ्या फंक्शनमध्ये) येते: लागणारी माहिती तिथपर्यंत जपावी लागते आणि डॉक्युमेंट अजून उघडे आहे का, हे तिथे पुन्हा तपासावे लागते.